खालच्या बोगद्यातलं निरांजन

आधी एक कोडं. एका दाराला कुलूप नाही, कडी नाही, शेजारी पहारेकरी नाही. दाराच्या अलीकडे भरपूर हवा आहे आणि पलीकडे माणसं धापा टाकत जगतात. पलीकडची माणसं अडीचशे, अलीकडची एकशे साठ. तरी एकोणीस वर्षं ते दार ओलांडून कोणीही अलीकडे राहायला आलं नाही. का?

"दाराशी यंत्रमानव उभे असतील," असं दरवर्षी कोणीतरी सांगतंच. नव्हते. "मग ती माणसं भित्री असतील," असंही कोणीतरी म्हणतं, आणि तेव्हा मला राग येतो. त्या माणसांत माझे बाबा होते. तेव्हा उत्तराची घाई करू नका. उद्या तुमच्यापैकी तिघांना बारा वर्षं पूर्ण होतायत, म्हणून मी हे सांगायला बसले आहे. गोष्ट माझ्या बाराव्या वाढदिवसाची आहे आणि ती गोड नाही.

तेव्हाही आपली वसाहत चंद्रावरच्या याच लाव्हानलिकेत होती (ज्वालामुखीचा तप्त रस वाहून गेल्यावर मागे उरलेला पोकळ बोगदा). ऑक्सिजन आपण तेव्हाही मातीतूनच काढायचो. चंद्राच्या मातीत तो खनिजांना घट्ट धरून असतो. माती भट्टीत वितळवून तिच्यातून वीज सोडली की तो सुटा होतो. याला विद्युत्-विघटन म्हणतात (विजेच्या मदतीने पदार्थाचे घटक वेगळे करणं). बोगद्याच्या बारीक भेगांतून हवा सतत झिरपून जाते, म्हणून भट्टी कधी थांबवता येत नाही. अशा दोन भट्ट्या होत्या. माझ्या जन्माआधी सात वर्षं मोठा चंद्रकंप झाला आणि दोन्ही बंद पडल्या. चाळीस दिवसांनी एक सुरू झाली. दुसरी तशीच राहिली.

एका भट्टीची हवा चारशे दहा माणसांना पुरत नाही. म्हणून वाटणी होती. चांगल्या हवेच्या शंभर भागांत एकवीस भाग ऑक्सिजन असतो. वरच्या बोगद्यात तेवढा होता. खालच्या बोगद्यात अकरा. पृथ्वीवर पाच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर श्वास जसा अपुरा पडतो, तसा तिथे बसल्या जागी पडायचा. तरणी माणसं डोकं धरून का होईना, तगायची. म्हातारी आणि आजारी वर्षभरात जायची.

वर कोण आणि खाली कोण, हे समीर ठरवायचा. समीर म्हणजे हवा सांभाळणारा संगणक. तो प्रत्येकाचा उपयोगांक काढायचा (माणूस वसाहतीच्या किती कामाचा, ते सांगणारा आकडा). चाळीसच्या खाली घसरलात की खालचा बोगदा. बारा वर्षांपर्यंतची मुलं मात्र वर राहायची, मग आईबाप कुठेही असोत. माझ्या बाबांचा, म्हणजे मुकुंद शिरसाटांचा, पाय भट्टीखाली सापडून तुटला तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांचा उपयोगांक छत्तीस झाला. कुबडी घेऊन ते स्वतःच त्या बिनकुलपाच्या दारातून खाली गेले. वर आले ते आठ महिन्यांनी, चादरीत गुंडाळलेले.

आता वाढदिवसाच्या आदल्या दुपारकडे येऊ. मी माझ्या आजोबांच्या कारखान्यात बसले होते. बाबांचे वडील ते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. शहात्तर वर्षांचे होते, हृदय कमजोर, पण हात अजून स्थिर. ते हवा मोजायचा मापक दुरुस्त करत होते. तेवढ्यात भिंतीतून समीरचा आवाज आला. मेला फार गोड बोलायचा.

"दिगंबर शिरसाट, आपला उपयोगांक एकोणचाळीस झाला आहे. उद्या सकाळी दहा वाजता खाली जावे. आजवरच्या कामाबद्दल आभार."

नानांनी मापकाचा उरलेला स्क्रू आवळला आणि चष्मा काढून ठेवला. मी मात्र किंचाळलेच. "तुम्ही तिथे महिनाभरही जगणार नाही! कोणत्या मूर्खानं केलाय हा नियम?"

"मी," नाना म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"चंद्रकंपानंतर मीच इथला मुख्य अभियंता होतो," ते म्हणाले. "हवा थोडी होती. भट्टी दुरुस्त करणाऱ्यांना पुरा श्वास हवा होता, बाकीच्यांनी पडून राहिलं तर थोड्या हवेत भागत होतं. म्हणून आदेश लिहिला. तेव्हा तो चूक नव्हता, वैजू. त्यानं जीव वाचले. आणि तो कायमचा होऊ नये म्हणून मी त्यात एक काळजीही घेतली. ती घेतली तुझ्या इतिहासाच्या पुस्तकातून."

"त्यात नुसत्या सनावळ्या आहेत."

"सनावळ्यांनी इतिहास कळत असता तर समीर आपल्यात सगळ्यात शहाणा ठरला असता. ऐक. कित्येक शतकं लोक मानायचे की राजाला देवानं नेमलंय. मग युरोपात काही जणांनी विचारलं, कशावरून? आपण त्याचं ऐकतो म्हणूनच तो राजा आहे ना? ह्याला तत्त्वज्ञान म्हणतात (जग असं का आहे आणि कसं असायला हवं, याचा मुळापासून विचार). पण नुसत्या प्रश्नानं वीटही हलत नाही. तो चार विद्वानांच्या दिवाणखान्यात राहिला असता."

"मग कसा नाही राहिला?"

"त्याच्या तीनशे वर्षं आधी जर्मनीत एकानं धातूच्या अक्षरांचे सुटे खिळे जुळवून छापायची युक्ती काढली होती. हातानं एक ग्रंथ उतरवायला महिने लागायचे, तिथे दिवसाला शेकडो पानं निघू लागली. त्यामुळे पुढे हा प्रश्नही छापला गेला आणि गल्लीबोळांत पोचला. शेवटी १७८९ साली फ्रान्समध्ये उपाशी लोकांनी राजाला सांगितलं, आम्हाला हे मान्य नाही. ती क्रांती (राज्य चालवायची रीतच लोकांनी उलटवून टाकणं)."

मला उलगडा झाल्यासारखं वाटलं. "म्हणजे आधी प्रश्न, मग यंत्र, मग क्रांती. आणि सगळं छान!"

"छान?" नाना हसले, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. "त्याच फ्रान्समध्ये एका डॉक्टरनं दयेपोटी सुचवलं, मृत्युदंड द्यायचाच तर श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखा द्या, आणि हाल न करता द्या. त्यातून मुंडकं उडवायचं यंत्र आलं. मारणं सोपं झालं आणि थोड्याच वर्षांत हजारो माणसं मारली गेली. क्रांती करणाऱ्यांचीही मुंडकी त्यात गेली. तिकडे अमेरिकेत कापसातून सरकी काढायचं नवं यंत्र निघालं. कष्ट वाचतील असं वाटलं होतं. पण सरकी झटपट निघते म्हटल्यावर मालकांनी कितीतरी पट कापूस लावला, आणि तो वेचायला आणखी गुलाम आणले. यंत्राला कुठे माहीत असतं, आपण कोणासाठी फिरतोय ते?"

"आणि प्रश्नाला तरी माहीत असतं का?"

हा प्रश्न मी कसा काय विचारला, मला आजही कळत नाही. नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "'सगळी माणसं समान' असं फ्रान्सनं लिहिलं, तेव्हा त्यांच्याच ताब्यातल्या बेटावर, आज ज्याला हैती म्हणतात तिथे, उसाच्या मळ्यांत लाखो गुलाम राबत होते. लिहिणाऱ्यांच्या मनात ते नव्हतेच. पण गुलामांनी ते वाक्य आपलं म्हणून उचललं. तेरा वर्षं लढले, मेले, आणि स्वतंत्र झाले. आपल्याकडचं महाडचं तळं घे. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना तिथलं पाणी घेता येत नव्हतं. तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव झाला, तरी तीन वर्षं तो कागदावरच. मग १९२७ साली हजारो माणसं चालत गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली. त्यांना मार पडला. पण त्या ठरावाला अर्थ आला तो त्या ओंजळीमुळे."

"नाना, तुमच्या आदेशात काय लिहिलंय?"

"हा आदेश एका दिवसापुरता. बारा वर्षांवरच्या प्रत्येकानं रोज सकाळी मान्य केला तरच तो पुढचा दिवस चालेल. एकानं जरी नाही म्हटलं, तरी संपला. मला वाटलं होतं, अख्ख्या इतिहासाचं सार मी दोन ओळींत आणलं."

"पण रोज कोण मान्य करतं? आई तर कधी..." मी बोलता बोलता थांबले. मुदपाकखान्याच्या दाराशी एक काचेची पाटी होती. मोठी माणसं रोज सकाळी तिच्यावर अंगठा लावून मगच ताट घ्यायची. खालच्या मुदपाकखान्याला तशीच पाटी होती. कोणी आजारी असेल तर पाटी उशाशी नेत. उद्या बारा पूर्ण झाल्यावर मीही लावणार होते, आणि महिनाभर मी त्याचीच वाट बघत होते.

"ती हजेरी आहे ना?" मी विचारलं.

"लोकांनी तसं धरलं. चंद्रकंपानंतर सगळे घाईत होते. आदेश वाचायला कोणाला वेळ होता? म्हणून सगळे जिथे येतातच, तिथे मी संमतीची पाटी बसवली. पृथ्वीवर रेशनच्या दुकानात अंगठा दिल्याशिवाय धान्य मिळायचं नाही, ती सवय आमच्या पिढीच्या हाडात मुरलेली. अंगठा नाही तर ताट नाही, असं आईनं मुलाला सांगितलं, मुलानं धाकट्याला. असा नियम कुठेही नाही, वैजू. मी फक्त सोय बघितली."

"तुम्हाला हे माहीत होतं," मी म्हणाले. "मग तुम्ही का लावता?"

नानांनी मापक बाजूला सारला. "आधी गरज होती. मग सवय झाली. मग... मुकुंदा खाली गेला त्या सकाळीसुद्धा मी लावला. उद्यापासून नाही, असं ठरवून मी कितीदा दारापर्यंत गेलोय. मागे रांग असते, वरणाचा वास येत असतो, आणि हात आपोआप पुढे होतो. मी भितो, पोरी. माझ्या स्वतःच्या एकवीस भागांसाठी भितो."

मला त्यांचा इतका राग आला की मी तिथून उठलेच. दारातून मागे वळून विचारलं, "दुसरी भट्टी का नाही झाली दुरुस्त?"

"सुटे भाग नाहीत म्हणतात."

"आई म्हणते तसं. खरं काय आहे?"

"ज्यांना दुरुस्ती येते, त्यांचा उपयोगांक सगळ्यात मोठा. ते वर राहतात. त्यांना हवा पुरते."

माझी आई त्या दुरुस्तीवाल्यांची प्रमुख होती. "मग मी उद्या काय करू?" मी विचारलं.

"ते मी सांगणार नाही. चारशे माणसांच्या वतीनं मी एकदा ठरवलंय, तेवढं पुरे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला ओवाळलं. बोगद्यात ज्योत पेटवायला मनाई होती, पण वाढदिवसाला दोन मिनिटांची परवानगी मिळायची. इथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून निरांजनाची ज्योत पृथ्वीवरच्यासारखी लांबट नसते, गोलसर असते. खालच्या बोगद्यात ती मुळीच पेटत नसे. हवेत ऑक्सिजन सोळाच्या आसपास आला की साधी ज्योत विझते, माणूस मात्र त्याहून कमी हवेत धडपडत जगू शकतो. म्हणून खाली औक्षण नव्हतं. आईचे डोळे सुजलेले होते. नानांची पिशवी दाराशी भरून ठेवली होती.

आठ वाजता आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे आई, मग मी, मागे नाना. आईने अंगठा लावला आणि ताट घेतलं. माझी पाळी आली. हात पुढे व्हायला लागला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मागे रांग होती आणि वरणाचा वास येत होता. मग भीतीनेच माझ्या तोंडून निघालं, "समीर, आधी आदेश वाचून दाखव."

एकोणीस वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. आणि आदेश वाचायचा तर तो सर्वांना ऐकवायचा, असं नानांनी समीरला फार पूर्वीच शिकवून ठेवलं होतं. दोन्ही बोगद्यांतल्या भिंतींतून तो गोड आवाज घुमला. एका दिवसापुरता. प्रत्येकाच्या संमतीने. एकाचाही नकार आल्यास आदेश संपुष्टात. वर डाव हातात धरलेली माणसं थिजली. खाली काय झालं, ते मला नंतर कळलं. तिथे माणसं रडत होती.

"वैजयंती शिरसाट, आपल्याला मान्य आहे?"

"वैजू, लाव अंगठा," आई कुजबुजली. "मागे माणसं उभी आहेत गं."

"मान्य नाही," मी म्हणाले. मागे पाहिलं तर नानांनी दोन्ही हात खिशात घातले होते.

"आदेश संपला आहे," समीर म्हणाला. "दोन्ही बोगद्यांमधल्या हवेच्या झडपा उघडत आहे."

पंचायतीचे प्रमुख पागेकाका धावत आले आणि त्यांनी माझा हात धरून पाटीवर दाबला. काही उपयोग नव्हता. संपलेला आदेश जुन्या अंगठ्याने पुन्हा सुरू होत नव्हता. नवा लिहून सगळ्यांकडून मान्य करून घ्यावा लागणार होता. आणि ते 'सगळे' आता जिना चढून वर येत होते, थांबत, कठड्याला धरत, एकमेकांना टेकू देत. त्या बिनकुलपाच्या दारातून अडीचशे माणसं आत आली.

नानांनी मला घरी नेऊन निरांजन पुन्हा लावायला सांगितलं. दोन्ही बोगद्यांतली हवा हळूहळू एक होत होती. एकवीस, एकोणीस, सतरा. ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि विझली. मापक पंधरावर थांबला. माझं डोकं दुखायला लागलं होतं. खालच्यांचा ऑक्सिजन चार भागांनी वाढला होता, आणि आमचा सहाने कमी झाला होता.

दुपारी चौकात फार वाईट प्रसंग आला. खालच्या काही तरुणांनी पागेकाकांना धरलं. "आता एकोणीस वर्षं तुम्ही खाली! एकेकाला ढकला!" कोणाच्या तरी हातात लोखंडी पहार होती. मला नानांची कालची गोष्ट आठवली, दयेपोटी निघालेल्या त्या यंत्राची. हे मी सुरू केलं होतं.

नाना धापा टाकत मध्ये गेले. "आदेश मी लिहिला होता," ते म्हणाले. "कोणाला खाली पाठवायचंच असेल तर मला पाठवा. माझा मुलगा गेलाच आहे तिथे. पण तुम्ही यादी कराल, मग उद्या कोणीतरी तुमची यादी करेल. त्यापेक्षा भट्टी दुरुस्त करा."

पहार हातात घेतलेली रखमाआत्या होती, सत्तरीची, मुदपाकखान्यात आयुष्य गेलेली आणि काही महिन्यांपूर्वीच खाली पाठवलेली. तिने नानांकडे पाहिलं, मग पहार माझ्या आईकडे दिली. "घे," ती म्हणाली. "भट्टीचं झाकण उघडायला लागेल."

आई भट्टीवर गेली ती जेवायलाही परत येईना. खालची माणसं तिच्या हाताखाली राबली. जुन्या यानाचे नळ कापून सुटे भाग केले. पाचव्या दिवशी मी तिला पाणी द्यायला गेले, तेव्हा ती कपाळ दाबत बसली होती. "मला एकोणीस वर्षं डोकं दुखलं नव्हतं, वैजू," ती म्हणाली. "म्हणून मला भाग सापडत नव्हते." आणि ती रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

नाना अकराव्या दिवशी गेले. पंधरा भाग त्यांच्या हृदयाला पुरले नाहीत. त्या दिवसांत वरचीही दोन माणसं गेली, त्यांत पागेकाकांची आई होती. पागेकाका पुढे कधी माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. हेही इतिहासच आहे, फक्त तुमच्या पुस्तकात त्याची सनावळी नाही.

सतराव्या दिवशी दुसरी भट्टी पेटली.

त्यानंतर पाच दिवसांनी रखमाआत्याचा एकाहत्तरावा वाढदिवस होता. आम्ही सगळे खालच्या बोगद्यात गेलो. आईने तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि काडी ओढली. मी नानांचा मापक हातात धरला होता, पण त्याच्याकडे बघायची गरजच पडली नाही. निरांजन पेटलं. गोलसर, पिवळी ज्योत. कोणी टाळी वाजवली नाही. रखमाआत्या म्हणाली, "अगं, लवकर ओवाळ, विझेल," कारण तिचा अजून विश्वास बसत नव्हता. दोन मिनिटं झाली, पाच झाली, तूप संपेपर्यंत ते जळत राहिलं. मला त्या क्षणी नाना हवे होते. अजूनही हवे असतात.

आता सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर तुम्हाला आलंच असेल. दाराला कुलूप नव्हतं, कारण त्याची गरज नव्हती. रोज सकाळी चारशे माणसं ते स्वतः लावत होती, आणि लावताना ताटाकडे बघत होती.

मुदपाकखान्याच्या दारातली पाटी आता चौकात आहे, जेवणापासून लांब. उद्या सकाळी तुम्ही तिघं पहिल्यांदा तिथे उभे राहाल. आता नियम बरे आहेत, पण बरे नियमही जुने होतात, आणि ते तुम्हालाच आधी दिसेल, कारण आम्हाला सवय झालेली असेल. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचीन. सगळं ऐका. कळलं नाही तर विचारा, रांग थांबेल. मग हात पुढे करा, नाहीतर खिशात ठेवा. ताट कसंही मिळेलच, ते मी स्वतः वाढणार आहे.